मायनसमधल्या पाण्याकाठी

“तुमचे गाव उजनी धरणात गेले, तरी तुमच्या बोलण्यात धरणाविषयी राग कसा नाही?” हा प्रश्न पुण्यात मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की एकदा नीट उत्तर लिहिलेले बरे. राग होता, पण तो आजोबांचा होता, आणि आमच्यापर्यंत पोहोचेतो त्यात ऊस उगवला होता.

भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. करमाळा तालुक्यातील आमची नदीकाठची मळईची जमीन पाण्याखाली गेली. बदली जमीन मिळाली तिकडे थोरले काका गेले. आजोबा मात्र गावामागच्या खडकाळ माळावर राहिले, तेव्हा भावकीने त्यांना वेड्यात काढले. पुढे पाणी त्याच माळाच्या पायथ्याशी येऊन थांबले, पाणी उपसायच्या मोटारी बसल्या, आणि माझे शिक्षण उसाच्या बिलावर झाले. आता त्या पाण्याला शिव्या तरी कोणत्या तोंडाने द्यायच्या?

याचा अर्थ सारे आलबेल आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी जवळपास ६३ टीएमसी मृत साठा आहे; तो टक्केवारीत धरत नाहीत, म्हणजे कागदावर धरण शून्य टक्के असते तेव्हाही त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. त्याखाली पातळी उतरली, की ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे आमच्याकडे म्हणतात. खाली सोलापूर-पंढरपूरला प्यायला पाणी सोडावेच लागते, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण ते सुटले, की काठ मागे सरकतो आणि काठामागोमाग माणसे. वडील संध्याकाळी पाण्याच्या कडेला काठी रोवून येत आणि सकाळी ती कोरड्या चिखलात उभी दिसली, की मोटार, केबल आणि पाइप पुढे ओढायचे, ते जमले नाही तर चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचे. (या पाण्यात पुणे-पिंपरीचे सांडपाणीही मुळा-मुठेवाटे येते, प्रश्न विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.)

शिवाय नदी रुंदावल्याने पैलतीर लांब गेला. इंदापूरकडच्या सोयऱ्यांकडे जायचे, तर रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागतो, म्हणून लोक बोटीत बसतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. आमच्यापैकी बहुतेकांनी त्या पाण्यातून असाच प्रवास केलेला आहे.

त्याच उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले होते. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडले, ते पाहायला गाड्या येऊ लागल्या. आमचे जुने गावही वर आले, पण ते पाहायला कोण येणार? मी वडिलांबरोबर मोटार पुढे न्यायला गेलो, तेव्हा पाइप नेमका आमच्या जुन्या घराच्या जोत्यावरून न्यावा लागला. वडिलांनी खाली वाकून चिखल बाजूला केला, जोत्याच्या दगडाची धार हाताने चाचपली, आणि पाइप कापला जाऊ नये म्हणून तिच्यावर ओल्या पोत्याची घडी ठेवली.