स्वस्त घर, तेही लातुरात

लातुरात आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहिलो आणि त्यात पाच घरं झाली. इथं उन्हाळा सरत आला की मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासची पोरं येतात, खोल्यांचे भाव चढतात, आणि घरमालकाला अचानक आठवतं की आपला पुतण्या राहायला येणार आहे. बायको पोरांचे डबे करते, रोजचे चाळीसेक. त्यामुळे क्लासपासून लांब जाऊन भागत नाही. साठवलेले ९ लाख होते, बाकी कर्ज काढायचं असा हिशेब होता. त्या पैशात गावाबाहेरचे प्लॉट दिसायचे, घर दिसायचं नाही.

मग एका दलालानं औसा रोडच्या आतल्या बाजूचं एक घर दाखवलं. ८०० फुटांचा प्लॉट, १९९८ चं बांधकाम, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं अंगण, वर पत्र्याची एक खोली. भाव १७ लाख. त्याच गल्लीतलं तेवढंच घर वर्षभरापूर्वी २६ ला गेलं होतं.

"एवढं कमी का हो?"

"पार्टीला नड आहे. तुमचं नशीब म्हणा."

मला आनंद व्हायला हवा होता, पण पोटात गोळाच आला. नऊ लाख सोडण्याइतकी नड असलेला माणूस दलालाला कमिशन देऊन घर विकत नाही, आधी शेजाऱ्याला विचारतो. शेजाऱ्यानं का घेतलं नाही, हा प्रश्न मला त्याच रात्री पडला. बायको म्हणाली, "घेऊ नका म्हणत नाही. पण का स्वस्त आहे ते कळल्याशिवाय एक रुपया काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एकटाच गेलो. सगळ्या घराचा रंग उडालेला आणि मागच्या खोलीची एकच भिंत ताज्या पिस्ता रंगाची. मी तिला हात लावताच दलालानं स्वतःहून सांगून टाकलं, "तडा होता, भरून घेतलाय. लपवत नाही साहेब, म्हणून तर स्वस्त आहे." उत्तर मिळालं म्हणून मला हायसं वाटलं. आता वाटतं, ते उत्तर मिळावं म्हणूनच तिथं ठेवलेलं होतं. एक दोष दाखवला की माणूस दुसरा शोधत नाही.

घरी सांगितल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "कॉलम आहेत का?" आमच्याकडच्या त्या वयाच्या माणसांना भिंतीतली भेग म्हटलं की किल्लारीचा भूकंपच आठवतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत दगडामातीची घरं अंगावर आली. वडील त्यानंतर कित्येक महिने अंगणात झोपले. म्हणून एक ओळखीचा गवंडी घेऊन गेलो. माझे त्या व्यवहारातले सगळ्यात चांगले गेलेले पाचशे रुपये.

त्यानं आधी घराकडं बघितलंच नाही, अंगण बघितलं. मे महिना. जमिनीला भेगा अशा की माझा हात मनगटापर्यंत आत जात होता. "काळी आहे," तो म्हणाला. मग रुपयाचं नाणं घेऊन भिंत वाजवत गेला. गिलावा सुटलेला असेल तिथं आवाज पोकळ येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला तडा त्यानं रंगाखालूनही बोटानं शोधला. संडासाच्या चेंबरशेजारी उकरून पायाचा तळ दाखवला. "मुरूम अजून खाली आहे. पाया मुरमाला टेकलाच नाही, काळ्यातच उभा आहे." काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर टेकलेलं घर दर वर्षी थोडं उठतं, थोडं बसतं. त्या भिंतीलाच मोरीचं पाणी मुरत होतं, म्हणून तीच जास्त हलली. कॉलम होते. घर पडणारं नाही, पण दुखणं जाणारंही नाही, असं त्याचं मत. घराभोवती फरशीचा पट्टा करून पाणी भिंतीपासून लांब काढायचं, मोरी फिरवायची, तडा उकलून सळया घालून परत भरायचा, खर्च दोन लाखांच्या आसपास. जाताना त्यानं रंग खरवडून तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. "पाऊस पडू द्या. भिंत हलली तर काच तडकंल. मग बोलू."

पाण्याचं मात्र पटकन कळलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर, मांजरा धरण कोरडं पडलं होतं तेव्हा. इथं घर बघायला आलेला माणूस पहिलं बोअरचं विचारतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं सांगितलं, "मार्चपर्यंत चालतो, मग टँकर. सगळ्या गल्लीचं हेच आहे." म्हणजे २६ लाखांच्या घरालाही हेच पाणी. स्वस्ताईचं कारण हे नव्हतं.

दोन लाखांचा तडा आणि नऊ लाखांचा फरक. सात लाख कुठं गेले?

इकडं दलालाची घाई. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली होती तेव्हापासून "मुहूर्तावर इसार देऊन टाका, दुसरी पार्टी तयार आहे" चालू होतं. मुहूर्त गेला, दुसरी पार्टी काही आली नाही. मग म्हणाला, "आठ लाखांचं खरेदीखत करू, नऊ रोख द्या. लोन कशाला काढताय? बँकवाले दहा कागद मागतात." घराच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावरची रक्कम रोख घेता येत नाही, हे त्याला माहीत नसेल असं नाही. पण मला खटकलं ते दहा कागदांचं वाक्य. बँकेनं जे कागद मागू नयेत असं त्याला वाटतं, तेच बघायला हवेत.

वकील शोधला, स्वतःचा. बँकेचा वकील असतोच, पण तो बँकेचे पैसे बुडू नयेत एवढं बघतो. माझ्या वकिलानं दुय्यम निबंधकाकडून घराच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढला. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, १९९७ चं नोंदणीकृत खरेदीखत, विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर. पुढं काहीच नाही. वडील वारले, आई वारली, महापालिकेच्या घरपट्टीवर मुलाचं नाव लागलं, आणि त्या पावतीच्या जोरावर मुलगा स्वतःला मालक म्हणत होता. वकील म्हणाले, "घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही. वारस किती?"

दलालाला विचारलं. "एकच मुलगा."

संध्याकाळी परत गल्लीत गेलो. एखाद्या घराविषयी खरं ऐकायचं तर तिन्हीसांजेला जावं, बायका ओट्यावर बसलेल्या असतात. समोरच्या काकूंनी पाणी दिलं, कुठले, काय करता, डबे कितीला, सगळं विचारून घेतलं आणि मग सहज म्हणाल्या, "पोरींच्या सह्या झाल्या का हो?"

"कुठल्या पोरी?"

"आता बघा! दोघींचे मांडव याच दारात पडलेत. मोठी औशाकडं दिलीय, धाकटी पुण्याला."

शेजाऱ्यानं घर का घेतलं नाही ते तिथं कळलं.

हे समोर ठेवल्यावर विकणारा भाऊ जराही गडबडला नाही. शंभराचा एक बाँड काढला. त्यावर नोटरीचा शिक्का, थोरलीचा अंगठा, धाकटीची सही, 'आम्ही आमचा हक्क राजीखुशीने सोडत आहोत'. "दिलंय की लिहून! साडीचोळी करून मोकळं केलंय." वकिलांनी तो कागद उलटसुलट करून परत दिला. हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं लागतं, नोटरीवर हक्क सुटत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांनी स्वतः घेतलेल्या घरात मुलींचा वाटा मुलाएवढाच, आणि हे काही कालचं नाही, १९५६ च्या कायद्यापासून आहे. थोडक्यात, सतरा लाखांत मला घराचा तिसरा हिस्सा आणि दोन बहिणींचा दावा मिळत होता.

इथं मी सोडून द्यायला हवं होतं. वकीलही तेच म्हणाले. पण घर मनात बसलं होतं, आणि बायको म्हणाली, "बाईला जाऊन विचारलंय का कुणी?"

पाऊस सुरू झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघं थोरल्या बहिणीकडं, अक्कांकडं गेलो. अक्का सोयाबीनच्या खुरपणीला गेल्या होत्या. बांधावर उभं राहूनच बोलणं झालं. कसं काढावं कळेना, शेवटी सरळच सांगितलं.

त्या खुरपं हातात धरून उभ्या राहिल्या. "घर इकायलाय?" मग बाँडचं बोललो. "आंगठा घेतला होता की. मीटर नावावर करायचंय म्हणून." बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाल्या, "भावाला म्हणावं, इचारलं असतं तर फुकट सही दिली असती. आता न्हाई."

परतताना गाडीवर आम्ही काही बोललो नाही. मला उगाच अपराध्यासारखं वाटत होतं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण मी उकरून काढलं होतं, आणि तेही मला स्वस्तात घर हवं होतं म्हणून.

भावानं फोनवर मला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दलालानं फोन उचलणं बंद केलं. ऑगस्टमध्ये गवंड्यासोबत जाऊन बघितलं, काच मधोमध तडकली होती. मी विषय संपवला आणि पुन्हा प्लॉट बघायला लागलो.

दसऱ्यानंतर धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. नंबर तिला समोरच्या काकूंनी दिला होता. तिघांचं बोलणं झालं होतं, कसं ते मी विचारलं नाही. तिघंही विकायला तयार होते, पण बाजारभावानं. आम्ही २६ मधून दुरुस्तीचे दोन वजा केले, २४ वर ठरलं. प्रत्येकाच्या खात्यात आठ, रोख काही नाही, तिघंही खरेदीखतात विकणारे. वकिलांनी तरीही पेपरात जाहीर नोटीस दिलीच आणि हरकतीची मुदत सरेपर्यंत मला गप्प बसवलं. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे २४ हजार वाचले. नोंदणी फी १ टक्का, तीही २४ हजार. तेव्हा वाचले कुठं म्हणा.

रजिस्ट्रीच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ अक्कांच्या अंगठ्याला लागला. खुरपून खुरपून रेषाच राहिल्या नव्हत्या, मशीन घेईना. ऑपरेटरनं ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, दुसरं बोट, तिसरं बोट. भाऊ बाजूच्या बाकावर मोबाईलमध्ये बघत बसला होता. शेवटी धाकटीनं तिचा हात हातात घेऊन काचेवर दाबून धरला, तेव्हा कुठं उमटलं. बाहेर आल्यावर अक्का बायकोला म्हणाल्या, "मागं आईचा पाटा आहे, तुमाला नको असला तर न्यावं म्हणते." मी रिक्षात घालून दिला.

राहायला येऊन आता दीड वर्ष झालं. फरशीचा पट्टा केला, मोरी फिरवली, तडा भरला. खर्च दोन लाखांचा पावणेतीन झाला. मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात अजूनही घट्ट होतं, खांदा लावून ढकलावं लागतं. गवंड्यानं या मे महिन्यात त्याच जागी नवी काच चिकटवली आहे. रोज डबे भरून झाले की बायको एकदा जाऊन बघून येते. पाऊस अजून यायचाय.