तुम्ही विचारलंत म्हणून: पुढं कशाला स्कोप आहे?

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, किराणा दुकानात, कुठंही भेटा, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग सांग की गं, पुढं कशाला स्कोप आहे? आमच्या पोराला कुठं घालू?" हल्ली त्याला शेपूटही असतं: "हे एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार म्हणतात, खरं का?" इतक्या काका-मावश्यांनी विचारलंय की एकदा बसून लिहावंच म्हटलं.

सांगलीकराला अंदाज म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं गाव एकच विचारत असतं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? 40 ला इशारा, 45 ला धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती पुढं जातंय, यावर चहाच्या टपरीवर हिशेब मांडले जातात आणि ते बऱ्यापैकी बरोबरही येतात. 2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. त्याची खूण गावभागातल्या बऱ्याच भिंतींवर होती. 2019 ला लोकांनी तीच खूण धरून सामान वर चढवलं. टेबलावर खाट, खाटेवर धान्याची पोती, त्यावर पोरांची दप्तरं. पाणी 57 फूट ओलांडून गेलं. अंदाज साफ चुकला, पण आपण काय अंदाज बांधलाय याच्याशी कृष्णेला काही देणंघेणं नव्हतं. आपण 53 धरले म्हणून ती 57 वर गेली नाही.

हळदीचं तसं नाही. 2010 सरताना हळदीचा दर क्विंटलला 15 हजारांच्या पुढं गेला होता. आमचे मामा अजून त्या वर्षाबद्दल लग्नातल्या जेवणासारखं बोलतात. सांगलीच्या मार्केट यार्डात व्यापारी हळकुंड टकदिशी मोडायचे, आतला केशरी रंग बघायचे आणि घासाघीस न करता बोली वाढवायचे म्हणे. मग काय, ज्यानं त्यानं हळद धरली. बेणं मे महिन्यात जमिनीत जातं आणि पीक निघायला आठ-नऊ महिने लागतात, म्हणजे लावणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या बाजारावर डोळे झाकून विश्वास टाकावा लागतो. सगळ्यांचा अंदाज एकच होता, हळदीला भाव आहे. 2012 उजाडलं तेव्हा दर 5 हजारांच्या खाली होता. भाव पडायला इतरही कारणं असतात, पण सगळ्यांनी एकच अंदाज खरा मानला हे त्यातलं मोठं.

तुमचा स्कोपचा प्रश्न कृष्णेच्या जातीचा नाही, हळदीच्या जातीचा आहे. डीएडचं आठवतंय ना? बारावी झाली की डीएड करा, मास्तरकी पक्की, असं घराघरांत सांगत होते. गावोगाव कॉलेजं निघाली, पोरंपोरी पास होऊन बसली, भरती थांबली आणि मग कॉलेजांना कुलपं लागली. मेकॅनिकलचंही पुढं थोडंफार तेच झालं. आज सगळा लोंढा कॉम्प्युटरकडं आहे आणि त्यात मीही आहे. तेव्हा मला विचारताय ते जरा जपूनच.

याची उलटी बाजूही आहे, आणि मला ती जास्त गमतीची वाटते. 1965 साली गॉर्डन मूर नावाच्या माणसानं एका मासिकात लिहिलं की कॉम्प्युटरच्या चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय आणि पुढची दहा वर्षं होत राहील. 1975 ला त्यांनीच ते सुधारून दर दोन वर्षांनी केलं. हा काही निसर्गाचा नियम नव्हता. पण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी तो वेळापत्रकासारखा धरला, कारण आपण नाही गाठला तर शेजारचा गाठेल ही धास्ती. अंदाज खरा झाला तो बराचसा लोकांनी तो खरा करायला घेतला म्हणून. तंत्रज्ञानात कोण छातीठोकपणे "अमुक होणारच" म्हणालं की मी आधी बघते, तो सांगतोय की विकतोय.

एआयचं म्हणाल तर मिरजेचं उदाहरण घेऊ. तिथं दवाखान्यांना तोटा नाही. 2016 साली एआयमधले मोठे संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे-सोनोग्राफी बघून निदान सांगणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहा, मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. हे कुणी ऐरेगैरे नव्हेत, एआयच्याच पायाभूत कामासाठी त्यांना 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि मशीन खरंच फार चांगलं बघायला लागलंही. तरी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर अजून रांग आहे आणि आत डॉक्टर आहेत. कारण चित्र वाचणं हा त्या कामाचा एक तुकडा. पेशंटच्या पोटावर प्रोब फिरवणं, सर्जनला फोन करून "हे जरा वेगळं दिसतंय" म्हणणं, आणि रिपोर्टखाली सही करून उद्या काही झालं तर उभं राहणं, हे सगळं उरतंच. त्या वर्षी पोरांनी हिंटन यांचं ऐकून ती शाखा सोडली असती, तर आज ती रांग आणखी लांब असती.

म्हणून "होणार" म्हणणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: कधीपर्यंत, आणि किती टक्के? ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञानं 1950 साली याचं गणितच मांडलं. पाऊस 80 टक्के म्हणालात आणि पडला नाही, तर तो 0.8 चा फरक त्यालाच गुणायचा आणि आलेले 0.64 चूक म्हणून तुमच्या नावावर. वर्षभराची सरासरी काढली की कोण नुसतं बोलतं ते कळतं. टीव्हीवरच्या तज्ज्ञांना हे लावलं तर धमाल येईल.

तुम्ही विचारलंत, तर माझे आकडे घ्या. 2030 संपेपर्यंत मिरजेतल्या बहुतेक मोठ्या दवाखान्यांत एक्स-रेचा कच्चा रिपोर्ट मशीन लिहील आणि सही डॉक्टरची असेल, याला मी 75 टक्के देते. यार्डातला हळदीचा सौदा हळकुंड न मोडता, नुसत्या कॅमेऱ्यावर होईल, याला 10, कारण व्यापाऱ्याला स्वतःच्या बोटांवर भरवसा जास्त. मला पहिल्या नोकरीत कोड लिहिण्यापेक्षा मशीननं लिहिलेला तपासायचं काम जास्त असेल, याला 90. आणि तुमच्या पोराला कुठं घालायचं, यावर माझ्याकडं टक्के नाहीत. त्याला काय येतं आणि काय आवडतं ते मला माहीत नाही. त्याला विचारलंत का?