शरणपूर ते नेहरूनगर, बाळ येशूच्या यात्रेला पायी

नाशकात वारी म्हटलं की त्र्यंबकहून निघणारी निवृत्तीनाथांची पालखीच डोळ्यासमोर येते, पण फेब्रुवारीत नाशिकरोडच्या नेहरूनगरला कॅथलिक लोकांची बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा मुंबई, वसई, गोव्याकडून माणसं येतात आणि त्यात ख्रिश्चन नसलेलेही भरपूर असतात. मी शरणपूरची सून, म्हणजे सीएनआयवाली (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), आमच्यात ना मूर्ती ना मेणबत्ती ना नवस. पायी जातेय म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिकडे काय आहे तुझं? घरी प्रार्थना होत नाही का?" आता त्यांना काय सांगू, घरी प्रार्थना कधीच बंद पडली होती.

मिस्टर अंबडला कंपनीत होते, ड्युटीवर असतानाच पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवा हात-पाय गेला, शब्द फुटेनात. मग काय, उचलणं, पुसणं, फिजिओ, पोराची फी, उसनवारी, सगळं एकटीवर. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक यायचे, प्रार्थना करायचे, "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे, माणसं वाईट नव्हती हो, पण ती योजना रात्री तीनला चादर बदलायला येत नव्हती ना. बायबल उघडलंच तर फक्त स्तोत्र 88, कारण बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी बहुतेक स्तुतीवर येतात, हे येतच नाही, अंधारातच संपतं. तेवढंच मला खरं वाटायचं.

शेजारच्या काकू कॅथलिक, त्या म्हणाल्या, "तू काही मागू नको, नुसती चल." नणंद मिस्टरांजवळ थांबली आणि आम्ही पाच-सहा जणी पहाटे शरणपूरच्या चर्चपासून निघालो, थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. शरणपूर म्हणजे गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनने जिथे वाढवलं ते गाव. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला, आणि 1873 ला मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन तिकडे आतल्या भागात वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रापर्यंत चालत आणणाऱ्यांत तो होता. लहानपणी ही गोष्ट ऐकून नुसतं भारी वाटायचं, आता वाटतं, बापरे, किती दुखले असतील खांदे.

सीबीएस, शालिमार, द्वारका पटापट गेलं. काठे गल्लीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा काकूंनी बाळ येशूच्या मूळ मूर्तीची, युरोपातल्या प्राग शहरातली, गोष्ट काढली. 1628 ला पोलिक्सेना नावाच्या बाईने ती तिथल्या कार्मेलाइट संन्याशांच्या मठाला दिली, 1631 ला सॅक्सन सैन्याने शहर घेतलं आणि मूर्ती वेदीमागे फेकली गेली, हात तुटले. (ते सैन्य प्रोटेस्टंट होतं, काकूंनी हे माझ्याकडे बघून सांगितलं!) 1637 ला फादर सिरिलना ती सापडली, आणि म्हणतात की प्रार्थना करताना त्यांना ऐकू आलं, मला माझे हात दे, मी तुला शांती देईन. मी मूर्ती मानत नाही, पण हात नसलेला देव, जो स्वतःच कुणाकडे तरी हात मागतोय, हे ऐकून मी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर रडले, कारण रोज सकाळी मिस्टरांची वळलेली बोटं एकेक करून मीच सरळ करते.

पुढे गांधीनगरपाशी जेलरोडची एक पोरगी सोबत चालायला लागली, लग्नाला दोन वर्षं आणि नवऱ्याला नुकताच असाच पॅरालिसिसचा अटॅक, रडत रडत विचारत होती. मी सांगत सुटले, दर दोन तासांनी कूस बदल, उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो, गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांग, पातळ पाणीसुद्धा छातीत जातं, आणि त्यांचं वाक्य तू पूर्ण करू नको, थांब, त्यांना बोलू दे. उपनगर नाका कधी आला कळलं नाही. ती वहीत लिहून घेत होती, खरंच, पर्समधून वही काढून! मला कुणी हे सांगितलं नव्हतं, मी रडून-चुकून शिकले होते, आणि ते सगळं कुणाच्या तरी कामाचं होतं.

बायबलमधल्या पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे" एवढंच. हे वचन आधी मला टाळल्यासारखं वाटायचं. यात्रेत दर्शनाच्या रांगेत उभं राहून मी मिस्टरांना बरं करून दे म्हटलंच नाही, भांडले थोडी, आणि त्या पोरीच्या नवऱ्याचं नाव घेतलं. बऱ्याच महिन्यांनी प्रार्थना झाली.

आता रविवारी उपासनेनंतर घरात असं आजारपण असलेल्या तिघी-चौघी आमच्याकडे बसतो, जेलरोडवाली पण येते, ती आल्यावर गणपतीचा प्रसादही असतो कधी, सासूबाई खातात बरं का. मिस्टरांचा हात तसाच आहे. पण यंदा त्यांनी हट्ट धरलाय की उपनगर नाक्यापर्यंत रिक्षा आणि पुढे काठी घेऊन पायी. मी म्हटलं जमणार नाही तर चक्क पूर्ण वाक्य बोलले, "तू मागे चाल."