मळक्या बदकाचा फोटो

डिसेंबरातली सकाळ, भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा तलावाची पाळ आणि पाळीवर पालथा पडलेला मी. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलावांना हे लाडाचं नाव तेवढं चिकटलं.) कोपरांना गोखरू टोचत होते आणि समोर शे-दोनशे बदकं.

बदकाचा फोटो काढणं सोपं वाटतं. बसलेलं तर असतं! पण ते बसल्या बसल्याच लांब जातं. पाय पाण्याखाली चालतात, वर काही कळत नाही. आपण कॅमेरा सरसावेपर्यंत अख्खा थवा शिंगाड्याच्या वेलांपलीकडे.

ओळखण्याचं म्हणाल तर काहींनी आपली सोय करून ठेवली आहे. थापट्याची चोच उलथन्यासारखी. तलवार बदकाच्या नराची शेपटी नावाप्रमाणेच. हळदी-कुंकू तर इथलंच, बारमाही. काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. त्याला विसरायचं म्हटलं तरी जमत नाही. खरा घोळ माद्यांचा. जातीगणिक नर सजलेले, माद्या मात्र बहुतेक सगळ्या तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या. त्यात विणीनंतर नरही रंगीत पिसं टाकून माद्यांसारखेच दिसू लागतात. भुवई बदकाचा नर तर हिवाळा बराच सरेपर्यंत त्याच वेषात असतो, म्हणजे ज्या पांढऱ्या भुवईवरून त्याला ओळखायचं तीच गायब.

तशीच एक तपकिरी बाई त्या दिवशी जवळ आली. मी तिचे साठेक फोटो काढले. डोळ्यातली चमक, चोचीवरचा थेंब, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं लख्ख. घरी पुस्तक उघडून बसलो तर ती एकाच वेळी तीन जातींची निघाली.

शेवटी कामी आला तो पुसून टाकायला काढलेला फोटो. मासेमार धिवरदादांचा डोंगा वळला, ती दचकून उडाली आणि मी नुसतंच बटण दाबलं. डोकं चौकटीबाहेर, सगळं हललेलं. पण उघड्या पंखाच्या मागच्या कडेला, अंगालगत, पांढरा चौकोन. बसल्यावर पिसांखाली तो झाकला गेला होता. चक्रांग बदक असती तर तिथं हिरवं चमकलं असतं. ही गडवाल (Gadwall), म्हणजे मलिन बदक. साठ देखण्या फोटोंपैकी एकानंही हे सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी धिवरदादांना मोबाइलवर तो फोटो दाखवला. त्यांनी तो आडवा-उभा करून पाहिला.

"मुंडकं कुठं गेलं जी हिचं?"

"राहिलं बाहेर. पण नाव सापडलं, मलिन बदक."

"मलिन म्हंजे?"

"मळकं."

त्यांनी वल्हं पाण्यात टाकलं. "दिवसभर पान्यात रायते, अन् मळकी कशी जी?"