आधी पुढचं लाकूड

निवडणूक लागली की कोकणातल्या बंदुका ठाण्यात जातात. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला माणूस आपली ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून जमा करायला निघतो आणि त्याच्यामागे वानरं बागेत शिरतात. निकाल लागतो, आचारसंहिता उठते, बंदुका परत येतात त्या गंजून. बंदुकदुरुस्तीचा परवाना घेऊन मला बरीच वर्षं झाली. माझा निम्मा धंदा या निवडणुकांच्या गंजावर चालतो, तेव्हा मी तक्रार कोणत्या तोंडाने करू!

त्या वेळी मात्र देवगड बाजूच्या तात्यांची रायफल परत आलीच नाही. तात्या निवृत्त शिक्षक, पंचाहत्तरी गाठलेले, हापूसची दीडेकशे कलमं. रायफल आज्याची, मग वडिलांची, आता यांची. परवान्यावर तीन पिढ्या ‘.३१५ रायफल’ असंच लिहिलेलं. पण ठाण्यात नवीन आलेल्या साहेबांनी दस्त्याजवळच्या लोखंडी पट्ट्यावरची अक्षरं वाचली, फोनवर शोधली, आणि ही तर फौजेची .३०३ म्हणून अडकवून ठेवली. .३०३ हा प्रतिबंधित बोअर, बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप. साध्या परवान्यावर तो चालत नाही. साहेबांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पट्ट्यावर जे लिहिलं होतं ते तसंच होतं.

ठाण्याचं पत्र घेऊन मी एका पावसाळी सकाळी गेलो. पिशवीत बारीक मापं घ्यायचा वर्नियर, भिंग, टॉर्च, नीट घासून बसवलेले स्क्रूड्रायव्हर आणि माझ्या लेथवर कातलेल्या पितळी पिना. तात्या आधीच बाकावर बसले होते, छत्री पायांत धरून.

“मिस्त्री, एकच सांग. ही माझ्या आज्याची की सरकारची?”

“बघू तरी द्या, तात्या.”

बोल्ट उघडून, मॅगझिन काढून नळी रिकामी असल्याची खात्री केली. ती हवालदारांनाही करायला लावली. पहिली दहा मिनिटं मी हत्यार नुसतं बघतो, हात कमी लावतो. नाकाडावरची ती बोथट लोखंडी टोपी, जिच्यावरून फौजेची ली-एनफिल्ड, म्हणजे हीच .३०३, लांबून ओळखू येते, ती गेलेली. लाकूड अर्ध्यावर कापलेलं, टोकाला काळ्या शिंगाची टोपी. नेम धरायची मागची लांब साइट काढून त्या जागी शिकारी पद्धतीची छोटी उभी पट्टी. माशी, म्हणजे पुढची साइट, नवी. मॅगझिन दहाऐवजी पाच काडतुसांचं. म्हणजे फौजी रायफल शिकारीसाठी उतरवलेली. इथपर्यंत कुणीही सांगेल. प्रश्न नळीचा होता.

अक्षरांवर तेल आणि काजळीचा थर होता. खडू असला तर घासून वाचता येईल, एवढं मी म्हणायचा अवकाश, तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून तुकडा काढला. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. खडू घासून पुसल्यावर अक्षरं पांढरी उठली: मुकुट, जी. आर., बी.एस.ए. कंपनी, १९१७, शॉर्ट एल.ई. थ्री, आणि त्याच्यापुढे चांदणी. ही चांदणी पहिल्या महायुद्धाच्या घाईची. रायफली लवकर हव्यात म्हणून १९१६ पासून मॅगझिन अडवणारी पट्टी आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट गाळली, आणि मार्क थ्री या मॉडेलच्या नावापुढे चांदणी लागली.

“म्हणजे फौजेचीच,” साहेब म्हणाले.

“सांगाडा फौजेचा. नळीचं अजून ठरायचंय.”

साहेबांना मी थोडं मागचं सांगितलं. फौजेचं काडतूस खाजगी हत्यारात बसता कामा नये, हा इंग्रजांच्या काळापासूनचा दंडक. चोरीला गेलं तरी बाहेर ते कुणाच्या उपयोगी पडू नये. मग हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी मानलिकरचं ८ बाय ५० मिलिमीटरचं काडतूस आलं. .३१५ म्हणतात ते हेच. गंमत अशी की तेही मुळात फौजेचंच, फक्त ऑस्ट्रियाच्या. पुढे इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्याच धर्तीवर .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, आणि ती आज कितीतरी परवानाधारकांकडे आहे. तेव्हा सांगाडा ओळखीचा दिसला म्हणून बोअर ठरत नाही.

नळीत टॉर्च मारला. गोळीला फिरकी देणाऱ्या पाच खाचा, डावीकडे वळलेल्या. फौजेच्या एनफिल्ड नळीतही पाचच, आणि डावीकडेच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे पाहिलं नाही. शिवाय पाच हा आकडा विषम. समोरासमोर खाच आणि उंचवटा येतो, त्यामुळे शिशाची गोळी ठोकून काढली तरी वर्नियरने तिचं माप सरळ मिळत नाही.

म्हणूनच त्या पितळी पिना. .३०३ नळीत उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंतचं अंतर ७.७ मिलिमीटर. .३१५ मध्ये ते ८. मी ७.९ ची पीन काढली. नुसत्या तोंडाशी घालून उपयोग नसतो, कारण साफसफाईच्या सळईने तोंड झिजून रुंद होतं आणि फसवतं. पीन मागून, काडतूस बसतं त्या चेंबरच्या बाजूने सोडली आणि लाकडी सळईने हलकेच ढकलत नेली. गंजाच्या दोन जागी ती कुरकुरली. मग तोंडातून बाहेर आली आणि टेबलावर टणकन पडली. हवालदारांनी ती उचलून पुन्हा मोजली. बरं वाटलं मला. संशयी माणूस पंच म्हणून बरा.

तात्यांनी मग रुमालाची गाठ सोडली. आत काडतुसाची एक जुनी रिकामी पुंगळी, देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली. बापाने शेवटचा डुक्कर मारला त्याची म्हणे, १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली त्याच्याही आधीची. लांबी ५० मिलिमीटर. .३०३ ची ५६ भरते. बुडाशी ही जाड, साडेबारा मिलिमीटर. .३०३ ची पावणेबाराच्याही आतली. चेंबरमध्ये टाकली तर पूर्ण बसली आणि बोल्ट बंद झाला. .३०३ च्या चेंबरमध्ये ही पुंगळी बुडाच्या जाडीनेच अडली असती.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नळीवरचे शिक्के लाकडाखाली दडलेले असतात, आणि पुढे प्रयोगशाळेत जायचं तर तेही कागदावर आलेले बरे. साहेबांची परवानगी घेऊन लाकूड काढायला घेतलं.

या रायफलीत एक खोड आहे आणि ती ठाऊक नसलेल्यांनी या भागातल्या निम्म्या रायफली फोडल्या आहेत. दस्ता आवळून धरणारा एक लांब बोल्ट दस्त्याच्या आतून पुढे येतो. त्याचं टोक चौकोनी असतं, आणि पुढच्या लाकडाच्या मागच्या कडेला बसवलेल्या पट्टीच्या खाचेत ते अडकतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. तेव्हा आधी पुढचं लाकूड उतरवायचं, दस्त्याला हात नंतर. उलट केलं तर चौकोनी टोक फिरतं आणि लाकूड आतून उकलतं. वरून काही दिसत नाही.

लाकूड हातात आलं आणि मी म्हटलं, “हे कुणीतरी फोडलंय.” मागच्या बाजूला बोटभर लांब चीर, तिच्यात पांढरा गोंद भरून वाळलेला.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तो इस्क्रू मियाच फिरवलंय. सतरा वर्षांचो होतंय. कट्ट करून आवाज इलो. बाबांका कधी सांगूक नाय. मार माझ्या मोठ्या भावान खाल्ल्यान.”

“भाऊ कुठे असतात?”

“गेलो तो. चार वर्षां झाली.”

हवालदार पंचनामा लिहायचे थांबले होते. साहेबांनी चहा सांगितला.

नळीच्या मुळाशी, गंजाखाली, मुकुटाखाली बी.पी. आणि मुकुटाखाली बी.व्ही. असे शिक्के निघाले. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, जिथे खाजगी विक्रीच्या नळ्या जादा दाबाचं काडतूस उडवून तपासतात. १९५४ नंतर तिथे बी.एन.पी. उमटायला लागलं, म्हणजे नळी त्याआधीची. शेजारी .३१५. फौजेचा नंबर नळीवर नाहीच. सांगाड्यावर मात्र दोन बाण, टोकाला टोक लावलेले. एकटा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि असे समोरासमोर दोन म्हणजे सरकारने विकून टाकलेली. साहेबांनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि बाणांवर बराच वेळ धरलं.

लाकडाच्या आत, नळीच्या खोबणीत, पेन्सिलीने ‘श्री’ लिहिलेलं होतं. म्हणजे नळी विलायतेची, पण लाकूड आपल्याकडच्या सुताराचं. शिसव होतं ते, बाहेरून कुणीतरी लाल व्हार्निश फासल्यामुळे कळत नव्हतं. शिंगाची टोपी सावंतवाडीकडच्या शिंगकामाच्या हाताची असावी असं मला वाटतं. पुरावा नाही, पण गोलाई तशी आहे.

माझं मत म्हणजे सरकारी दाखला नव्हे. मी मापं लिहून दिली, रायफल तपासणीला गेली, आणि .३१५ असा अहवाल यायला काही महिने गेले. तो आल्यावर ती माझ्या टेबलावर आली, दुरुस्तीला.

आता तात्यांच्या मुंबईच्या मुलाचा फोन. त्याला ती ‘ओरिजिनल’ हवी होती: पूर्ण लांबीचं लाकूड, लोखंडी टोपी, पट्टा, अगदी १९१७ सारखी. मी नाही म्हटलं. नळी आठची, आणि वरून पोशाख .३०३ चा! ज्या संशयापायी ती एवढे महिने अडकली, तोच मी लाकडात कोरून द्यायचा का? शिवाय ज्या सुताराने श्री लिहून लाकूड घडवलं, त्याचं काम मोडीत काढायचं, तेही इंटरनेटवरच्या सुट्या भागांसाठी? मुलगा थोडा नाराज झाला. व्हायला हरकत नाही.

नळीवर पॉलिश पेपर चालवला नाही. शिक्के पुसट करणं हा आर्म्स अॅक्टखाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी केलं नसतं. तेलात मुरवून, पितळी ब्रशने सैल गंज काढला. उरलेला लाल गंज उकळत्या पाण्यात घातला की काळा पडतो. तोच मऊ तारेने घासून परत उकळायचा, चार-पाच वेळा. पाणी मात्र बिनक्षाराचं लागतं. आमच्या विहिरी खाडीच्या, म्हणून पागोळ्यांखाली पिंप लावलं. कोकणात जुलैत काम करण्याचा एवढा एक फायदा. वर्षानुवर्षं चोपडलेलं खोबरेल बोल्टच्या आत डिंकासारखं झालं होतं. ते काढायलाच एक दिवस गेला.

व्हार्निश उतरवून जवसाचं तेल दिलं, तेव्हा शिसवीचा खरा रंग आला. चिरेतला जुना गोंद कोरून इपॉक्सी भरली आणि आडवा स्क्रू घातला. इशापूरवाले पुढच्या लाकडात घालतात तसाच. त्यांच्या रायफली त्या स्क्रूवरून ओळखतात. पुढे कुणी हिला इशापूरची म्हणेल, म्हणून नोंदवहीत तो स्क्रू मी घातल्याचं तारखेसकट लिहून ठेवलं.

तात्या न्यायला आले तेव्हा त्यांनी आधी चीर शोधली. सापडली नाही. मग स्क्रूवर अंगठा ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि पैसे किती झाले ते विचारलं.

त्यानंतर परत निवडणूक लागली. रायफल परत ठाण्यात. या वेळी दस्त्याला एक पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने बांधलेला होता, असं हवालदारांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यावर शाळेच्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘बोअर .३१५, मोजलेला आहे. दस्ता आधी काढू नये. आधी पुढचं लाकूड.’