आमची वाटचाल : द्राक्षगावांच्या सहली

नाशिकमध्ये आमचे छोटे सहल कार्यालय सुरू होऊन बारा वर्षे झाली. मी, माझी पत्नी आणि दोन सहकारी मिळून वर्षाला युरोपच्या दोन सहली नेतो आणि एका सहलीत वीसपेक्षा जास्त माणसे घेत नाही. आमचे बहुतेक प्रवासी निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत भागातले द्राक्ष बागायतदार आणि त्यांचे कुटुंबीय असतात. तरीही वाईनचे प्रदेश आणि त्यांच्या कुशीतली जुनी गावे यांभोवती सहल आखावी, हे आम्हाला आपणहून सुचले नव्हते. पहिल्या सहलीत आम्ही अकरा दिवसांत पाच देश दाखवले होते. परतताना पिंपळगावचे एक अण्णा म्हणाले, "राइनकाठच्या चढावरच्या बागा बसच्या काचेतून पाहिल्या, पण माती हातात घ्यायला मिळाली नाही." त्यांची तक्रार रास्त होती, आणि पुढचा आराखडा आम्ही तिच्यापासूनच सुरू केला.

आता आम्ही फ्रान्समधली दोनच गावे मुक्कामाला धरतो. अल्सास प्रदेशातल्या कोलमारला पाच रात्री आणि बर्गंडीतल्या बोन या गावी चार रात्री राहून आसपासची गावे तिथूनच पाहतो. रोज सामान बांधायचे कष्ट त्यामुळे वाचतात, आणि युरोपमधले बसचालकांचे नियमही पाळता येतात. तिथे चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाला साधारण ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. भारतात बसून कागदावर आखलेले लांबलचक टप्पे याच नियमांपुढे कोलमडतात.

अल्सासचा वाईनमार्ग १९५३ पासून आहे. मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटर तो व्होज डोंगरांच्या पायथ्याने जातो. या डोंगरांनी पश्चिमेकडचा पाऊस अडवल्यामुळे कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कमी पावसाच्या शहरांपैकी एक झाले आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत बाग करणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नव्या आराखड्याच्या पहिल्या वर्षी मात्र आमचे नियोजन चुकले. लाकडी सांगाड्याच्या रंगीत घरांचे रिकवीर पाहून आम्ही रविवारी भर दुपारी एका कुटुंबाच्या वाइनरीच्या दारात उभे राहिलो, तेव्हा दार बंद होते. दुपारचे दोन तास आणि रविवार तिथे बहुधा सुट्टीचे असतात, आणि तोडणीच्या दिवसांत छोट्या उत्पादकाला पाहुण्यांसाठी उसंतच नसते. तेव्हापासून आम्ही वेळ पत्राने आधी ठरवतो आणि बागेतले शब्द जाणणारा दुभाषी स्वतंत्रपणे घेतो, कारण आमची मंडळी चवीआधी खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर वेल कलम करतात त्याबद्दल, विचारतात. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्यावर तिथल्या वेली अमेरिकी खुंटांवर कलम केल्या गेल्या, आणि आमचा डॉगरीज खुंटही मूळचा अमेरिकेचाच, हे कळल्यावर गप्पांना बांध राहत नाही.

पण मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती बर्गंडी. बोनजवळच्या क्लो द वूजो या दगडी कुंपणाच्या बागेची लागवड सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांनी बाराव्या शतकात सुरू केली. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या, पुढे विक्री आणि वारसांच्या वाटण्या होत गेल्या, आणि आज सुमारे ५० हेक्टरांच्या त्या एकाच बागेचे ८० च्या आसपास मालक आहेत. एकाकडे चार ओळी, दुसऱ्याकडे दहा. भाऊवाटणीत दीड एकर वाट्याला आलेला आमचा शेतकरी तिथे बराच वेळ उभा राहतो. एवढ्याशा तुकड्याचे नाव बाटलीवर अभिमानाने छापले जाते, याचे त्याला वाटणारे अप्रूप मी दरवेळी पाहतो आणि ते मला मोलाचे वाटते. बर्गंडीतले असे एक हजारांहून अधिक नावाजलेले तुकडे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

आमच्या निम्म्या प्रवाशांना मद्य वर्ज्य असते, आणि त्यांच्यासाठी ही सहल दुय्यम होऊ नये, याबद्दल माझी पत्नी फार आग्रही आहे. म्हणूनच बोनचे ओतेल द्यो हे रुग्णालय आमच्या आराखड्यात मध्यभागी असते. बर्गंडीच्या ड्यूकचे चॅन्सलर, म्हणजे प्रमुख मंत्री, निकोला रोलँ यांनी ते १४४३ मध्ये गरिबांसाठी उभारले, आणि रंगीत कौलांच्या त्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. लोकांनी दान दिलेल्या द्राक्षबागा आजही या संस्थेकडे आहेत आणि त्यांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून दर नोव्हेंबरमध्ये होतो. रुग्णसेवेचा खर्च बागेतून भागवण्याची ही रीत आमच्याकडच्या आजीबाईंनाही मनापासून पटते.

तारखा ठरवणे हे सर्वांत नाजूक काम आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दोन-अडीच महिने आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून पुढे बागायतदार बाग सोडत नाही. उरतात ते पावसाचे दिवस, आणि त्यातही घरचा गणपती सांभाळावा लागतो. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला असल्याने आम्ही विसर्जनानंतर निघालो. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला असल्याने तिच्याआधी घरी पोहोचायचे आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे कागद गोळा करायची वेळ नेमकी मार्चमध्ये, द्राक्षांची काढणी जोरात असताना येते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने अनेकांकडे दाखवायला विवरणपत्रे नसतात. अशा वेळी सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर, व्यापाऱ्याच्या बिलांच्या प्रती आणि बँकेचे खातेउतारे जोडून आम्ही फाईल तयार करतो. त्यासाठी कोणालाही कार्यालयात बोलावत नाही. द्राक्षे भरली जातात त्या पॅकहाऊसच्या दारात, क्रेट मोजले जात असताना, आम्ही बागायतदाराशेजारी बसून अर्ज भरतो.