आमच्यात घेत नाहीत

पत्रपेटीत समन्स सापडलं आणि पोटात गोळाच आला. खरं तर घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या सुपिरिअर कोर्टाने मला ज्यूरी ड्यूटीला, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसायला बोलावलं होतं, एवढंच. नागरिकत्वाची शपथ घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. त्याच आठवड्यात हौसेने मतदार यादीत नाव घातलं होतं, आणि ज्यूरीची नावं मतदारांच्या नि ड्रायव्हिंग लायसन्सच्या याद्यांतूनही काढतात. नवऱ्यालाही मागच्या वर्षी असंच समन्स आलं होतं, पण तो अजून ग्रीन कार्डवर. ‘मी नागरिक नाही’ या चौकोनात फुली मारली आणि सुटला. माझा कागद वाचून म्हणाला, “घे अजून पासपोर्ट!”

पोटातला गोळा मात्र बाबांकडून वारशात आलेला. मी शाळेत असताना ते एकदा सकाळी दूध आणायला निघाले होते. चौकात पोलिसाने हाक मारली, “गुरुजी, जरा पंच म्हणून सही करता का?” चोरीच्या दोन सायकली सापडल्या होत्या, त्यांचा पंचनामा चालू होता. बाबांनी दुधाची किटली खाली ठेवून सही केली. कागदावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं, हे त्यांना घरी आल्यावर आठवलं. पुढच्या सहा वर्षांत चार वेळा साक्षीचं बोलावणं आलं. चारही वेळा ते रजा टाकून, डबा घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेले, बाहेरच्या बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहत राहिले आणि पुढची तारीख घेऊन परतले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्याकडे फक्त फ्रेम करून लावायची राहिली होती.

इथे न जाण्याची सोय नाही. गैरहजर राहिलात तर १५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हजर राहिलात तर पहिल्या दिवसाचं मानधन शून्य, दुसऱ्या दिवसापासून रोज १५ डॉलर. आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर आपल्या गटाचा नंबर बघायचा. माझा गट निघाला.

सकाळी मोठ्या हॉलमध्ये दीडेकशे माणसं बसली होती. कुणी लॅपटॉपवर, एक आजी लोकर विणत, एक मुलगा सरळ झोपलेला. नागरिकाचं कर्तव्य समजावणारा व्हिडिओ झाला आणि मग नुसतं बसणं. अशा वेळी मन भलतीकडे जातं. माझं लोकमान्यांकडे गेलं. आपल्याला ‘ज्यूरी’ हा शब्द भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात, १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात. मुंबई हायकोर्टात नऊ जणांची ज्यूरी होती, सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावरांनी बहुमत मानलं आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. ‘ज्यूरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे’ हे त्यांचं म्हणणं पाठ असतं, पण त्या दोन पारशांचा विचार मी कधी केला नव्हता. हॉलमधल्या व्हिडिओत नुकतंच सांगितलं होतं की इथे फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं. म्हणजे हा नियम तेव्हा तिथे असता, तर ते दोघे अडून बसल्यावर निकालच लागला नसता!

पुढे १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटींच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्याच नऊ जणांनी आठ विरुद्ध एक असं ‘निर्दोष’ म्हटलं, ते जजना पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे नानावटी दोषी ठरले. १९७३च्या फौजदारी संहितेनंतर तर भारतातल्या फौजदारी कोर्टांत ज्यूरी उरलीच नाही. तिथे नाहीशी झालेली वस्तू व्हायला मी इथे येऊन बसले होते, गंमतच.

साडेदहाला आम्हा साठ जणांना एका कोर्टरूममध्ये नेलं. माझं आडनाव इथे आजवर कुणाला धड उच्चारता आलेलं नाही, पण इथे नावाचा प्रश्नच नव्हता. मी ज्यूरर नंबर नऊ. खुर्ची फिरती होती आणि तिच्यावर लॅमिनेट केलेला एक कागद ठेवलेला, कितीकांनी हाताळून कडा मऊ पडलेला. व्यवसाय काय, जोडीदाराचा व्यवसाय काय, मुलं किती, पूर्वी कधी ज्यूरीत होतात का. प्रत्येकाने माईक हातात घेऊन उत्तरं द्यायची.

खटला दारू पिऊन गाडी चालवल्याचा. आरोपी पंचविशीचा असेल. अंगातला शर्ट नवा होता, घड्यांच्या रेघा अजून तशाच.

जजबाईंनी विचारलं, पोलीस आहे म्हणून साक्षीदारावर कुणी जास्त किंवा कमी विश्वास ठेवेल का? माझा हात वर गेला. मी बाबांच्या कोऱ्या कागदाची गोष्ट सांगितली. पंचनामा म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगताना घाम फुटला. त्या शांतपणे म्हणाल्या, “ते बाजूला ठेवून या साक्षीदाराचं ऐकाल?” मी हो म्हटलं. नको असलेल्या ज्यूररला वकील नाकारू शकतात, तेव्हा आता सरकारी वकील मला घरी पाठवणार, याची खात्रीच झाली.

मग बचावाचे वकील उठले. त्यांनी सगळ्यांना विचारलं, “जेवणासोबत एक ग्लास वाइन घेऊन गाडी चालवत घरी जाणं चालेल, असं कुणाला वाटतं?” भराभर हात वर झाले. विणणाऱ्या आजींचासुद्धा. माझा हात मांडीवरच. “नंबर नऊ, तुम्ही किती वेळा घेता?”

“कधीच नाही.”

“धार्मिक कारण?”

“नाही,” मी म्हटलं, “आमच्यात घेत नाहीत.”

वाक्य तोंडातून गेलं आणि त्यातला ताठा माझा मलाच ऐकू आला. वकिलांनी समजावलं, कायद्यात प्यायल्यावर गाडी चालवणं हाच गुन्हा नाही. दारूच्या अमलाखाली चालवली, किंवा रक्तातलं प्रमाण ०.०८ टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, तर गुन्हा. मी मान डोलावली. पण खरं सांगते, त्या घड्यांच्या शर्टाकडे पाहून मी सकाळीच निकाल देऊन बसले होते. पोलिसांचा मला संशय, हे मी शपथेवर सांगितलं होतं. हे दुसरं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

थोड्या वेळाने तेच वकील उठले आणि ज्यूरर नंबर नऊचे आभार मानून मला मोकळं करावं, असं म्हणाले. सरकारी नव्हे, बचावाचे. कारण सहसा कुणी देत नाही, द्यावंही लागत नाही. कांदेपोह्यांनंतर ‘मुलगी छान आहे, पण पत्रिका जमत नाही’ असा निरोप यावा, तसंच. आठवडाभर सुटका मागत होते आणि सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून रुसले.

रात्री बाबांना फोन केला. एका दिवसात संपलं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

“पुढची तारीख?”

“नाही हो बाबा, झालं सगळं.”

जरा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “सही कशावर केलीस?”